तळोजेकरांनो, चढ मोजायला शिका

तळोज्याला कोणी डोंगराळ भाग म्हणणार नाही. पश्चिमेला खारघरचा डोंगर, ईशान्येला मलंगगडाची रांग, पूर्वेला माथेरान आणि मधे हा सपाट पट्टा. काल-परवापर्यंत इथे भातखाचरं होती आणि पलीकडे खाडी. आता त्याच खाचरांवर सिडकोच्या वसाहती, फेज १ आणि फेज २ मधले टॉवर, एमआयडीसीचे कारखाने आणि डोक्यावरून पेंधरला जाणारी मेट्रो आहे. अशा सपाट जागी राहणाऱ्याला चढ-उताराचं गणित कशाला हवं, असं कोणालाही वाटेल. खरं तर इथल्याच माणसाला ते जास्त हवं. घाटमाथ्यावर पाण्याला वाट दाखवावी लागत नाही. सपाटीवर दोन बोटांचा ढाळ चुकला की पाणी दारात मुक्काम करतं. मग चूक बिल्डरची, सिडकोची की महापालिकेची, यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर भांडण चालतं. त्या भांडणात आकडा मात्र कोणाकडेच नसतो.

म्हणून हे आवाहन. ज्यांनी इथे घर घेतलंय किंवा घेणार आहेत, जे कमिटीवर आहेत, ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत, त्या सगळ्यांना. चढ मोजायला शिका. त्याला दोनच आकडे लागतात: किती वर गेलो आणि त्यासाठी किती पुढे गेलो. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. भागाकार चौथीतल्या पोरालाही जमेल. दर वेळी दोन्ही आकडे मागायची सवय मात्र मोठ्यांनाही नसते. ‘रस्ता एक फुटाने उंच केला’ एवढ्यावर आपण गप्प बसतो. किती लांबीत उंच केला, हे विचारत नाही.

रॅम्पपासून सुरुवात करू. इमारतीचं जोतं जमिनीपासून समजा ४५ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे साधारण तीन पायऱ्या. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा जास्त असू नये. १ सेंटिमीटर वर जायला किमान १२ सेंटिमीटर पुढे. ४५ गुणिले १२ म्हणजे ५४० सेंटिमीटर, जवळजवळ १८ फूट. आता खाली उतरून आपल्या इमारतीच्या दारापाशी टेप लावा. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या जागेत सहा फुटांत रॅम्प उरकलेला असतो. ४५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर, म्हणजे १:४. व्हीलचेअर आणि तिच्यातला माणूस मिळून ९० किलो धरा. १:१२ वर ती मागे घसरू न देता धरायला साडेसात किलोचा जोर लागतो, १:४ वर जवळजवळ २२ किलोचा. साठी ओलांडलेल्या बाईने आजारी नवऱ्याला त्यावरून वर ढकलत न्यायचं आहे. याला रॅम्प म्हणू नये. नकाशा पास करून घेण्यापुरतं ओतलेलं सिमेंट म्हणावं.

घराच्या आतही तेच. न्हाणीघरात पाणी नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे. सर्वांत लांबचा कोपरा ट्रॅपपासून १८० सेंटिमीटरवर असेल आणि ढाळ १:६० ठेवायचा असेल, तर तो कोपरा ट्रॅपपेक्षा ३ सेंटिमीटर उंच हवा. घराचा ताबा घेताना लोक टाइल्सचा रंग बघतात, स्विच दाबून बघतात. एक बादली पाणी ओतून ते कुठे जातं, हे बघणारे कमी. बादली ओता आणि दहा मिनिटं थांबा. बाल्कनीत तर ओताच. बाल्कनीचा ढाळ हॉलकडे असलेली घरं मिळतात, आणि ते जुलैशिवाय कळत नाही. ताब्याच्या कागदावर सही झाल्यावर लाद्या उखडून ढाळ काढणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

सांडपाण्याच्या नळांसाठी जुन्या प्लंबरांचा एक सोपा ठोकताळा आहे. नळाचा व्यास इंचांत घ्यायचा आणि त्याला १० ने गुणायचं. ४ इंची नळ ४० ला १, ६ इंची ६० ला १, ९ इंची ९० ला १. हल्लीचे अभियंते पाण्याच्या वेगावरून अधिक बारीक हिशेब करतात, पण घरच्या घरी पडताळायला हा पुरे. ४ इंची नळ १० मीटर जाणार असेल तर दुसरं टोक २५ सेंटिमीटर खाली हवं. इथे सपाट जमिनीची खरी अडचण दिसते. इमारतीपासून चेंबर ६० मीटर लांब आहे, नळ ६ इंची. म्हणजे १ मीटर खाली जावं लागणार. जमीन तर खाली जात नाही, मग नळच खोल जातो. पुढच्या ६० मीटरला आणखी खोल. असं करत करत नळ इतका खाली जातो की शेवटी पाणी पंपाने उचलूनच वर आणावं लागतं. सपाट शहरांत मलनिस्सारणाची पंपिंग स्टेशनं लागतात ती याचसाठी. वीज गेली की चेंबर का तुंबतात, याचं एक उत्तर या भागाकारात आहे.

आता मोजायचं कसं? महागडं यंत्र नको. गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची लेव्हल नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. १५ मीटर घ्या. तिच्यात पाणी भरा. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप वाया जातं, म्हणून भरल्यावर ती अंथरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे एका टोकाकडे न्या आणि बाहेर काढा. दोन्ही टोकं शेजारी धरा. पाणी एका रेषेत आलं तर नळी ठीक आहे. मग एक जण गेटपाशी उभा राहील, दुसरा गटारापाशी. नळी नेताना टोकांवर अंगठा ठेवतात, तो मोजायच्या वेळी दोघांनीही काढायचा. नवख्या माणसाचं हमखास इथेच चुकतं. पाणी डोलायचं थांबलं की दोघांनी आपापल्या टोकाला जमिनीपासून पाण्याच्या रेषेपर्यंतची उंची मोजायची. गेटपाशी ६२ सेंटिमीटर, गटारापाशी ७० सेंटिमीटर आली, तर गटार गेटपेक्षा ८ सेंटिमीटर खाली आहे. दोघांमधलं अंतर १२ मीटर असेल तर ८ भागिले १२००, म्हणजे १:१५०. ढाळ आहे, पण खडबडीत काँक्रीटवर फार कमी. आता तुम्ही कंत्राटदाराशी बोलू शकता.

मोबाइलमधल्या लेव्हल अॅपवर या कामासाठी विसंबू नका. १:१०० हा ढाळ अंशांत जेमतेम ०.५७ भरतो. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन टेकवतानाच तेवढा तिरका होतो.

दहावीच्या मुलांना हेच सगळं भूमितीच्या पुस्तकात ‘निर्देशक भूमिती’ या प्रकरणात ‘रेषेचा चढ’ म्हणून भेटतं. गेटऐवजी बिंदू येतो, टेपऐवजी आलेखकागद. पहिला बिंदू (२, ३), दुसरा (८, ६). उभा फरक ६ वजा ३, म्हणजे ३. आडवा फरक ८ वजा २, म्हणजे ६. चढ ३ भागिले ६, म्हणजे अर्धा. मुलं चुकतात ती वजाबाकीच्या क्रमात. वर दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला, तर खालीही तसाच करायचा. दोन्हीकडे उलट केलं तरी उत्तर तेच येतं. एकाच ठिकाणी उलट केलं की चढाचा उतार होतो आणि गुण जातो. चिन्ह ही परीक्षकाची कटकट नाही. तुमच्या बाल्कनीचं पाणी बाहेर जातं की घरात येतं, एवढाच त्या चिन्हाचा प्रश्न आहे.

दुसरी गल्लत ‘शून्य चढ’ आणि ‘चढ सांगता येत नाही’ या दोन उत्तरांत होते. मुलाला बांधकामावर न्या आणि गवंड्याच्या हातातली दोन हत्यारं दाखवा. पाणसळ ज्या रेषेवर बरोबर बसते तिचा चढ शून्य. तिथे पुढे कितीही जा, वर काहीच जात नाही. ओळंब्याची दोरी सरळ खाली लोंबते. तिथे आडवा फरकच शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ अव्याख्यात. तिसरं हत्यार गुण्या, काटकोन तपासायचा. एका बाजूचा चढ ३/४ असेल तर काटकोनातल्या दुसऱ्या बाजूचा −४/३ येणार. दोघांचा गुणाकार −१. हे सूत्र पाठ करणाऱ्या मुलाने एकदा गुण्या हातात धरून आलेखकागदावर तिरका ठेवला की पाठांतराची गरज उरत नाही.

आणखी एक गैरसमज मोठी माणसंही बाळगून असतात. शंभर टक्के चढ म्हणजे उभी भिंत, असं त्यांना वाटतं. तसं नाही. १०० मीटर पुढे आणि १०० मीटर वर, म्हणजे ४५ अंश. रस्त्याचा १० टक्के चढ म्हणजे पावणेसहा अंशांच्या आत-बाहेर. ऐकायला किरकोळ, पण भरलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला विचारा.

चढाची सर्वांत प्रामाणिक पाटी मला रेल्वेच्या कडेला दिसते. दिवा-पनवेल मार्गावर आपलं तळोजे पाचनंद स्टेशन आहे. तिथून पुढे नावडे रोड, कळंबोली, पनवेल. गाडीच्या खिडकीतून रुळांशेजारचे छोटे खांब बघत जा. काही खांबांना दोन हात असतात आणि प्रत्येक हातावर एक आकडा. त्या दिशेला किती अंतर गेल्यावर एक एकक वर किंवा खाली जाणार, तो हा आकडा. २०० म्हणजे २०० मीटरला १ मीटर. आकडा मोठा तितका चढ सौम्य, हे आधी उलटं वाटतं, पण भागाकार आठवला की लक्षात येतं. हातावर इंग्रजी एल असेल तर पुढचा रूळ सपाट. हे सगळं खिडकीतून किंवा फलाटावरूनच बघायचं. रुळांत उतरून मोजमापं घेणं धोक्याचंही आहे आणि गुन्हाही आहे. स्टेशनच्या आवारात चढ १:४०० पेक्षा जास्त ठेवत नाहीत, आणि १:१२०० असावा अशी शिफारस आहे. आपल्याला तिथे रूळ सपाटच दिसतात. पण उभ्या वाघिणीला ब्रेक सुटला की घरंगळायला किती थोडा उतार पुरतो, हे रेल्वेला माहीत आहे.

पनवेलहून कर्जतला गेलात की बोरघाट समोर येतो, आणि सरळ रेषेचं गणित तिथे अपुरं पडतं. १८६३ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाट गाड्यांसाठी खुला केला. घाटातल्या मूळ मार्गाची लांबी सुमारे १६ मैल आणि चढाई सुमारे १,८३० फूट. १६ मैलांचे फूट होतात ८४,४८०. भागाकार केला की सरासरी चढ येतो १:४६. पण घाटातला सर्वांत तीव्र चढ आहे १:३७. आता सांगा, इंजिन कोणत्या आकड्यावर निवडायचं? १,००० टनांच्या गाडीला मागे खेचणारा जोर १:४६ वर सुमारे २२ टन आणि १:३७ वर सुमारे २७ टन. सरासरीवर हिशेब करणाऱ्याची गाडी नेमकी सर्वांत वाईट जागी अडकेल. म्हणून आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात. शेजारी माथेरानची १९०७ ची छोटी गाडी १:२० चढते, पण ती अरुंद रुळांवर आणि मोजके डबे घेऊन. उलट कोकण रेल्वे आखताना १:१५० पेक्षा तीव्र चढ ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी एवढा सौम्य चढ हवा म्हणूनच इतके बोगदे आणि पूल करावे लागले. चढ कमी ठेवण्याची किंमत पैशांत मोजावी लागते.

सरासरी चढ आणि जागेवरचा चढ हा फरक ज्याला कळला, त्याला वक्राचा चढ निम्मा कळला. सरळ रेषेत कुठलेही दोन बिंदू घ्या, उत्तर तेच. वक्रावर मात्र बिंदू बदलला की उत्तर बदलतं. मग एकाच बिंदूवरचा चढ काढायचा कसा? एक बिंदू घेऊन वजाबाकी केली तर वरही शून्य, खालीही शून्य.

उपाय असा की दुसरा बिंदू घ्यायचा आणि तो पहिल्याच्या जवळजवळ आणत जायचं. तळोज्यात बांधकामं चालू असलेल्या टॉवरची कमी नाही, म्हणून तिथलंच उदाहरण. परांचीवरून वीट निसटली. हवेचा अडथळा सोडला तर ती किती मीटर खाली आली हे काढायला सेकंदांचा वर्ग करून त्याला सुमारे ५ ने गुणायचं. १ सेकंदात ५ मीटर, २ सेकंदांत २० मीटर. आपल्याला विचारायचंय की बरोबर १ सेकंदाच्या क्षणाला तिचा वेग काय. १ ते २ सेकंदांत ती १५ मीटर पडली, म्हणजे सेकंदाला १५ मीटर; पण ही सरासरी झाली. आता १ ते १.१ सेकंद बघा. १.१ चा वर्ग १.२१, पाचपट ६.०५. पडली १.०५ मीटर, वेळ ०.१ सेकंद, वेग १०.५. आणखी जवळ जा, १ ते १.०१ सेकंद. वर्ग १.०२०१, पाचपट ५.१००५, वेग १०.०५. आणखी जवळ, १.००१ पर्यंत, तर १०.००५. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पहा, पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर १० कडे सरकतंय आणि तिथून हलत नाही. तोच त्या क्षणाचा वेग, म्हणजे अंतर-वेळेच्या आलेखाचा तिथला चढ. बारावीला विकलन शिकवतात ते हेच. तिथे ५ गुणिले वेळेचा वर्ग याचं विकलन १० गुणिले वेळ असं एका ओळीत मिळतं. मुलांना ती ओळ मिळते, वरचे चार भागाकार मिळत नाहीत. म्हणून त्यांना विकलन म्हणजे घातांक खाली आणायचा खेळ वाटतो. पालकांनी आणि शिकवणीवाल्यांनी आधी भागाकार करून घ्यावेत, सूत्र मागाहून.

सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ही झाली फक्त ५ मीटर, म्हणजे दीड मजला पडलेल्या विटेची गोष्ट. दहाव्या मजल्याखाली हेल्मेटशिवाय उभं राहणाऱ्यांनी पुढचा हिशेब स्वतः करावा.

वक्राचा चढ शिकायला तळोज्याच्या माणसाला आणखी एक चांगली जागा आहे, ती म्हणजे खाडी. कासाडी नदी एमआयडीसीतून वाहत खाडीला मिळते, आणि खाडीत भरती-ओहोटी आहे. भरती यायला साधारण सहा तास लागतात, पण पाणी या सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्शाचा नियम आहे. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. एकूण चढ समजा ३.६ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी ३० सेंटिमीटर चढेल, तिसऱ्या तासात ९० सेंटिमीटर. सरासरी काढली तर तासाला ६०. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी सरासरीच्या दीडपट वेगाने येतं. खाडीत उतरणाऱ्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही. पहिल्या तासाचा वेग बघून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा नवखा माणूस मात्र अडकतो.

पुढची गोष्ट पावसाळ्यात महत्त्वाची. भरती पूर्ण भरते तेव्हा वक्राच्या माथ्यावर चढ शून्य असतो. पाणी वरही जात नाही, खालीही येत नाही. बातम्यांत ‘पाणी वाढायचं थांबलं’ असं ऐकलं की लोकांना हायसं वाटतं. पण चढ शून्य म्हणजे पाणी कमी झालं असं नाही. उलट ते सर्वांत जास्त आहे. आणि माथ्याजवळ चढ कमी असल्यामुळेच ते तिथे रेंगाळतं, अर्धा-पाऊण तास फारसं हलत नाही. नवी मुंबई भराव घालून आणि बांध बांधून वसवलेली आहे. सिडकोने ठिकठिकाणी धारण तलाव ठेवलेत आणि त्यांना झडपांचे दरवाजे आहेत. खाडी चढली की झडप बंद, ओहोटी लागली की उघडी. झडप बंद असताना शहरातला पाऊस तलावातच साठवावा लागतो. तलाव गाळाने किंवा खारफुटीने भरला असेल तर तेवढा पाऊस रस्त्यावर. म्हणून जोरदार पाऊस आणि उधाण एकत्र येणार असेल त्या दिवशी भरतीची फक्त वेळ बघू नका. त्या वेळेच्या तासभर आधी आणि तासभर नंतर पाणी वरच राहणार, हे धरून गाडी तळघरातून काढायची की नाही ते ठरवा.

माथ्यावर बदल शून्य होतो, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी एका माणसाने हेरली होती. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. ग्रह आज कुठे आणि उद्या कुठे, एवढ्यावरून काढलेली गती त्यांना पुरेशी वाटली नाही. त्यांनी त्या क्षणाची, ‘तात्कालिक’ गती काढायचा विचार केला, आणि ग्रहाच्या सरासरी आणि प्रत्यक्ष स्थानांतला फरक जिथे सर्वांत जास्त असतो तिथे त्या फरकातला बदल शून्य असतो, हेही मांडलं. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या पाचशे वर्षं आधी. भास्कराचार्यांनी सगळं कलनशास्त्र उभं केलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, ते म्हणू नये. पण चाळीसगावजवळच्या पाटणे गावात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी मुलांना एवढं तरी सांगावं. तिथे सहली पुष्कळ जातात आणि धबधबा बघून परत येतात.

आता पैशाकडे वळू, कारण चढाच्या नावाने सर्वाधिक फसवणूक तिथे होते. महागाईचा दर कमी झाला असं ऐकून लोक म्हणतात, ‘कुठे स्वस्त झालंय? खोटं बोलतात.’ दोघांचंही बरोबर असू शकतं. १०० रुपयांची डाळ एका वर्षात ११० झाली आणि पुढच्या वर्षी ११५. पहिल्या वर्षीचा दर १० टक्के, दुसऱ्या वर्षीचा साडेचार. चढ कमी झाला, पण तो चढच आहे, उतार नाही. डाळ ११५ लाच मिळणार. भाव खाली येण्यासाठी चढ ऋण व्हावा लागतो.

आणि घरांच्या जाहिराती. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर सुरू झाली, विमानतळ जवळ आला, आणि तळोज्याच्या प्रत्येक जाहिरातीत वर झेपावणारी एक रेषा असते. त्या रेषेकडे डोळ्यांनी बघू नका, तिचे आकडे वाचा. समजा भाव चौरस फुटाला ६,००० वरून ६,६०० झाला. दहा टक्के वाढ. पण आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून न काढता ५,८०० पासून काढला, की पहिला स्तंभ २०० उंचीचा आणि दुसरा ८०० चा. डोळ्यांना चौपट दिसतं. अक्ष कुठून सुरू होतोय, हे पाहिल्याशिवाय आलेखावर मत देऊ नये. मुलांच्या प्रकल्पांतही शिक्षकांनी याचे गुण कापावेत.

त्याहून चलाखीचा प्रकार सरासरीचा. समजा २०१९ ला भाव ४,००० होता आणि २०२४ ला ६,५००. एजंट सांगतो, वर्षाला ५०० रुपये वाढ. भागाकार बरोबर आहे. पण २०२२ लाच भाव ६,३०० झाला असेल, तर त्यानंतरची दोन वर्षं वाढ वर्षाला १०० चीच आहे. तुम्ही आज घेणार आहात, म्हणजे वक्राच्या टोकाला उभे आहात. तुम्हाला त्या टोकाचा चढ हवा, पाच वर्षांच्या सरासरीचा नाही. आणि तो आकडा एजंटकडून घ्यायची गरज नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या करारांचा इंडेक्स २ शोधता येतो. त्यात तारीख असते, क्षेत्रफळ असतं आणि मोबदल्याची रक्कम असते. ज्या इमारतीत घर बघताय तिथले व्यवहार काढा, रकमेला क्षेत्रफळाने भागा. मात्र चटई क्षेत्र की बिल्टअप हे आधी पहा आणि सगळीकडे एकच धरा. आलेखकागदावर तारखेप्रमाणे ठिपके मांडा, उभा अक्ष शून्यापासून. त्यातल्या शेवटच्या चार-पाच ठिपक्यांचा चढ काढा, आणि मग एजंटला फोन करा.